यांचा कॉम्प्युटर, माझी कॅसेट

यांच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं असं मला म्हणता येत नाही. शेवटचं बोलले ते नर्सशी. नगरच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी ती पोरगी सलाईनची बाटली बदलायला आली आणि तिच्या खिशातला मोबाईल वाजला. हे डोळे मिटून पडले होते, ते उघडून तिला म्हणाले, "संगमनेरमधला घरातला पहिला कॉम्प्युटर माझा होता, बरं का." पोरगी हसली. "हो का बाबा? मग आजींना पण येत असेल की!" माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, "तिला? तिची चौथी झालीय." एवढं बोलून परत डोळे मिटले. मी पायाशी बसून पाय चेपत होते. हात थांबवला नाही. दुपारनंतर यांचं बोलणं बंद पडलं आणि दुसऱ्या दिवशी सगळंच... इतक्या वर्षांच्या संसारात शेवटचं म्हणून माझ्या वाट्याला एवढं एक वाक्य आलं, आणि तेही दुसरीला सांगितलेलं.

यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम सावेडीत घराजवळच्या हॉलमध्ये झाला. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. माणसं खूप आली होती. यांचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते, काहींचे केस पांढरे झालेले. पुण्यात मोठ्या कंपनीत असलेला एक जण बोलताना रडला. म्हणाला, "आमच्या वस्तीत कुणाच्या घरी टीव्हीसुद्धा नव्हता. साळवे सरांनी मला स्टुलावर बसवलं, बटणं दाबायला लावली आणि माझं नाव टीव्हीवर आलं. सबंध पडदाभर माझंच नाव. त्या दिवशी मला कळलं की मी पण कुणीतरी आहे." सगळे टाळ्या वाजवायला लागले, मग प्रसंग ध्यानात येऊन थांबले. त्याच्यानंतर उठलेल्याने वातावरण हलकं करावं म्हणून चहाची गोष्ट सांगितली. "काकूंच्या एका चहाच्या ट्रेमुळे संगमनेरची कॉम्प्युटर क्रांती दहा वर्षं मागे पडली, असं सर नेहमी सांगायचे!" सगळा हॉल हसला. शंभर माणसांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला म्हणाले, काकू, तुम्ही दोन शब्द बोला. मी मान हलवली. मला चार माणसांत बोलता येत नाही, आयुष्यभर आलं नाही. जे तिथं बोलले नाही ते इथं लिहून ठेवते. हे मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

तेव्हा आम्ही संगमनेरला राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे दूध संघात यंत्रं दुरुस्तीच्या खात्यात होते. हाताला फार हुशार. बंद पडलेला रेडिओ असो, पंखा असो, यांच्यापुढं ठेवला की तासाभरात चालू. एकदा पुण्याला कसलंसं प्रदर्शन बघायला गेले आणि येताना एक खोका घेऊन आले. सुजाता, आमची मुलगी, तेव्हा पाचवीत होती. आम्हाला वाटलं काहीतरी खाऊ असेल. आतून निघाली एक काळी पेटी, पाटीपेक्षा थोडी मोठी, वरती रबराची बटणं. त्या बटणांवर इंग्रजी अक्षरं. पेटीला स्वतःचा पडदा नव्हता. ती आमच्या टीव्हीला जोडायची, म्हणजे टीव्हीचा पडदा तिचा. हे म्हणाले, "आता दर घरात हा असणार. सगळी कामं हा करणार. आणि या तालुक्यात तो माझ्याकडून जाणार." कंपनीने यांना एजन्सी दिली होती. त्या कंपनीचं नाव आता कुणाच्या ध्यानातही नाही.

पेटीत किती कमी होतं ते मला हळूहळू कळत गेलं, कारण घरात त्याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. तिला लक्षातच राहायचं नाही काही. यांनी दिवसभर बसून तिला शिकवायचं आणि लाईट गेली की सगळं पुसलं, पेटी पुन्हा कोरी. आणि संगमनेरात तेव्हा लाईट काय, पाहुण्यासारखी यायची. म्हणून शिकवलेलं टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये भरून ठेवावं लागे. पुन्हा हवं झालं की कॅसेट लावायची, वायर जोडायची आणि पेटी ते ऐकून घ्यायची. ती वायर न जोडता कॅसेट लावली तर त्यातून किंचाळल्यासारखा आवाज येई, गिरणीचा पट्टा घसरल्यावर येतो तसा, थांबतच नाही असा. हे तो आवाज ऐकून, कुठून सुरुवात होते ते शोधायचे. आम्हाला दात शिवशिवल्यासारखं व्हायचं. रविवारी शेजारची बायापोरं टीव्ही बघायला म्हणून येत आणि ती पेटी कॅसेट ऐकत बसलेली. कार्यक्रम निघून जायचा. शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, "शांताबाई, सवत आणली म्हना की मालकांनी! तीबी अशी, जेवाय लागत न्हाई, पर टीव्ही पाह्यजे."

पेटीच्या मागच्या बाजूला आणखी एक डबी लावायची होती. त्या डबीशिवाय पेटीचं डोकं फारच लहान पडतं, असं हे सांगायचे. पण ती डबी नीट बसायची नाही. टेबल जरासं हललं तरी ती सुटायची आणि पडद्यावरचं सगळं थिजून जायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. यांचं टेबल होतं स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. म्हणून मला ताकीद मिळाली की हे बसले असताना काही कुटायचं नाही. शेंगदाण्याचा कूट नाही, मिरचीचा ठेचा नाही. पोळपाटसुद्धा हळू. मी खलबत्त्याखाली गोणपाटाची चौघडी घालायला लागले, तरी यांना भिंतीतून कळायचं. "शांता! थांब जरा!" म्हणून आतून आवाज यायचा आणि माझा बत्ता हवेत. पाहुण्यांना ही गोष्ट हे हसून सांगायचे. मीही हसायचे. भाजीत कूट नाही म्हणून बोलणी खाल्ली ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

लोक यायचे बघायला. दुकानदार यायचे, मास्तर यायचे. एक किराणावाले होते, ते खुर्चीत बसून म्हणाले, "साळवे, यावर पिच्चर दिसतो का?" हे म्हणाले, "नाही." "मग बातम्या?" "नाही." "आं? मग करतं काय हे?" "तुम्ही सांगाल ते करतं." "मी सांगितलेलं माझी बायकोबी करत नाही घरात," असं म्हणून ते चहा पिऊन गेले. घेतला कुणीच नाही. एका डॉक्टरांनी हौसेने नेला, तो त्यांच्या कपाटावर धूळ खात पडला. पण लहान मुलं मात्र यायची, वस्तीतली मुलं, यांच्यासाठी वेडी होऊन. त्यांना हे कधी हाकलायचे नाहीत हे मीही लिहिलं पाहिजे. मुलांचे पाय चिखलाचे असोत, हे त्यांना टेबलाशी बसवायचे, बोट धरून अक्षरं शोधायला लावायचे. नावांचा म्हणून एक प्रोग्राम यांनीच केला होता. पेटी इंग्रजीत विचारायची, तुझं नाव काय. मुलाने बटणं दाबून नाव लिहिलं की ते नाव पडद्यावर वरून खालपर्यंत धावत सुटायचं, पडदा भरून जाईपर्यंत. मुलं ओरडायची. त्या वेळी यांचा चेहरा मी दारातून बघितलेला आहे. तसा चेहरा यांनी माझ्याकडे बघताना कधी केला नाही.

एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी म्हटलं, "मला पण दाखवा ना. माझं नाव घाला." हे म्हणाले, "यात मराठी नाही, शांता. सगळं इंग्रजी. तुला वाचता येईल का ते? मराठी येऊ दे यात, पहिली तुला बसवतो." आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावी जावं लागे आणि एकट्या पोरीला तिकडं कोण धाडणार... म्हणजे इंग्रजीच्या उंबऱ्यापर्यंत मी गेले होते, तिथून परत फिरवलं. हे सभेत, विहारात, कुठंही उभे राहिले की बायकांनी शिकलं पाहिजे यावर बोलायचे. चांगलं बोलायचे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं आहे.

चहाची गोष्ट खरी कशी झाली तेही लिहिते. दूध संघातले साहेब आणि आणखी दोघे आमच्या घरी पेटी बघायला आले होते. दुधाचा हिशोब ती कशी करते ते यांना दाखवायचं होतं. जमलं असतं तर संघाने पेट्या घेतल्या असत्या. यांनी त्यासाठी महिनाभर डोळे फोडले होते. कॅसेट लागली, पडद्यावर आकडे आले, आणि हे आतल्या बाजूला बघून म्हणाले, "चहा आण." मी ट्रे घेऊन आले. घरात दुसरं टेबल नव्हतं. ट्रे ठेवायला जागा तीच एक, पेटीच्या शेजारी, आणि तिथं ठेव म्हणून बोट दाखवलं तेही यांनीच. मी हळू ठेवला. तरी मागची डबी हलली. आकडे थिजले. साहेब म्हणाले, "काय झालं हो?" हे म्हणाले, "काय होणार? चौथी शिकलेल्या बाईला काय सांगायचं!" साहेब हसले. मी आत गेले. कंपनीने एक डबी नीट बसवली नव्हती आणि दोष माझ्या चौथीचा निघाला. पुढं काही वर्षांत ती कंपनीच बंद पडली, मुंबईपुण्याच्या लोकांनीही ती पेटी घेतली नव्हती, तिथं काय मी चहा घेऊन गेले होते? पण ही गोष्ट यांनी जन्मभर सांगितली. माणसाला आपलं हरणं कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं. यांनी ते माझ्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवलं.

हेसुद्धा मी सोसलं. विसरले नाही, पण सोसलं. जे सोसलं नाही ते कॅसेटचं.

ज्या टेपरेकॉर्डरला ती पेटी जोडलेली असायची तो माझा होता. माझा धाकटा भाऊ किसन, त्याने सुजाता झाली तेव्हा मला दिलेला. तसाच एक त्याने गावाकडं घेतला होता. माझ्या आईला लिहितावाचता येत नव्हतं, आणि मला माहेरी वर्षातून एकदा जायला मिळालं तर मिळालं. म्हणून किसनने एक युक्ती काढली. आईला ओट्यावर बसवलं, पुढं टेप ठेवला आणि सांगितलं, आक्काला काय सांगायचं ते सांग. पत्राच्या जागी कॅसेट. ती घेऊन तो स्वतः संगमनेरला आला. माझ्यासमोर त्याने कॅसेटच्या मागच्या कडेची दोन बारीक चौकोनी पाती चाकूच्या टोकाने तोडून टाकली. म्हणाला, "आक्का, हे तोडलं की भरायचं बटनच दाबत न्हाई. आता ह्याच्यावर दुसरं कायबी कुनाला भरता यायचं न्हाई. आई पक्की झाली." आम्ही दोघं हसलो.

त्या कॅसेटमध्ये सुरुवातीला आई नुसत्या हाका मारते. तिला वाटलं होतं, संगमनेर लांब आहे, मोठ्यानं बोलल्याशिवाय पोचायचं नाही. "शांते! आगं शांते! ए शांते... आलं का गं ऐकू?" मग मागून किसन म्हणतो, "आये, तिला आत्ता न्हाई ऐकू येत, नंतर येतं." "नंतर मंजी कवा? मी हितं आत्ता बोलाया लागलीय आन् ती नंतर ऐकनार? ह्यो काय कारभार!" "आसतंय तसंच. तू बोल." "बरं. शांते, नंतर ऐक गं बया. शेळी व्याली. दोन करडं हायती, येक पांढरं येक कबरं..." असं सगळं. आडाचं पाणी गेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या सुनेनं काय केलं. पुढं सुजाताच्या केसांना कुठलं तेल लावायचं ते, आणि मध्येच कोंबड्यांना हाकलणं. मी दुपारची कामं आटोपली की लावून बसायचे. मला ते पाठ झालं होतं. पुढच्या वर्षी आई गेली. फोटो एकच होता, लग्नातला, त्यात तिचं तोंड पदराने अर्धं झाकलेलं. म्हणजे आई म्हणून माझ्याजवळ उरलं होतं ते त्या कॅसेटमध्ये.

एक दिवस मी बाजारातून भाजी घेऊन आले तर घरात तो किंचाळता आवाज चालू. मुलं यायची होती, हे टेबलाशी. मी हातपाय धुतले, भाजी ठेवली, आणि सहज फळीवर बघितलं तर आईची कॅसेट जागेवर नाही. म्हटलं, "अहो, आईची कॅसेट कुठंय?"

"कुठली?"

"आईची. किसननं भरलेली."

"ती होय..." हे वळले नाहीत. "नावांच्या प्रोग्रामची कॅसेट टेपनं खाल्ली. गडबडीत तीच हाताला लागली, चुकून भरलं गेलं. पण ती पण खराब निघाली, टाकून दिली."

"टाकली? कुठं टाकली?"

"अगं, आता काय उकिरडा उपसणार आहेस का? आणि होतं काय त्यात? शेळी, करडं, पाणी."

मी उकिरडा उपसला. बायका बघत होत्या, गयाबाईंनी विचारलं काय हरवलं, मी म्हटलं चमचा. सापडली नाही.

किसन पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आसं कसं हुईल? ते बारकं तोडलं हुतं की मी, तुझ्यादेखत!" त्याने यांना विचारलं, अगदी हळू, जावयाला विचारावं तसं. "दाजी, ते तोडलं की बटन दाबतच न्हाई ना?" हे म्हणाले, "नीट तुटलं नसेल." किसनने मान खाली घातली. मग मला आत येऊन म्हणाला, "आक्का, माझ्याकडूनच ऱ्हायलं आसंल. चाकूचं टोक मोडकं हुतं." त्यानंतर जेव्हा जेव्हा आईचा विषय निघे, तेव्हा तेव्हा किसन त्या चाकूवर येई. पोरांची लग्नं झाली, त्याला नातवंडं झाली, तरी तो चाकू त्याच्या डोक्यातून गेला नाही. आणि मी? मी यांचं म्हणणं धरून चालले. चुकून झालं. माणसाकडून चूक होते. चूक म्हटली की तिच्यासोबत राहता येतं.

पुढं पेटी खोक्यात जाऊन माळ्यावर बसली. हे नगरला आले, सावेडीत क्लास काढला, तेव्हा खरे कॉम्प्युटर आले होते, स्वतःचा पडदा असलेले, लाईट गेली तरी न विसरणारे. क्लास चालला, नाव झालं, साळवे सर म्हणून गल्ली ओळखायला लागली. कॉम्प्युटरात मराठीही आलं. मी एकदा आठवण केली, "मराठी आलं की पहिली मला बसवणार होता ना?" हे चष्म्यातून बघत म्हणाले, "आता या वयात?" तेव्हा माझं वय यांच्यापेक्षा सात वर्षांनी कमीच होतं.

कार्यक्रमानंतर विद्यार्थ्यांनी ठरवलं की सरांचा पहिला कॉम्प्युटर एका कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवायचा. म्हणून मी आणि सुजाताने माळ्यावरचा खोका खाली काढला. पेटी निघाली, रबराची बटणं चिकट झालेली. वायरी निघाल्या. आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात यांच्या कॅसेटी. सुजाता एकेक काढून पुसत होती, मी बघत होते. एकीवर मला किसनचं अक्षर दिसलं. "शांताआक्कास, आईचे बोलणे." त्यावर निळ्या पेनने एक रेघ, आणि वरती इंग्रजीत काहीतरी. सुजाताने वाचलं, "नेम्स. म्हणजे नावं, आई."

मी कॅसेट तिच्या हातातून घेतली आणि उलटी केली. मागच्या कडेला, किसनने पातं तोडलेल्या एका भोकावर, जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. ब्लेडने कापलेला, बरोबर भोकाएवढा, चारही कोपरे सरळ, नखाने दाबून बसवलेला. यांचं काम. दुरुस्तीचं काम हे नेहमी असंच करायचे, कुठं कड सुटलेली दिसायची नाही. चुकून हात पडला तर इतकं चौकोनी कापता येत नाही. यांनी बटण दाबलं असणार, ते दाबलं गेलं नसणार, मग ते भोक बुजवायला उठून पट्टी शोधली असणार, ब्लेड आणलं असणार... आणि मी तेव्हा बाजारात मेथीच्या जुड्या बघत होते.

मी किसनला फोन लावला. म्हटलं, "किसन, तू नीट तोडलं होतंस."

"काय तोडलं?"

"आईच्या कॅसेटचं. नीट तुटलं होतं. यांनी वरून पट्टी लावून भरलं. माझ्या हातात आहे."

 मग तो म्हणाला, "जाऊ दे आक्का. मानूस गेलं आता." मी म्हटलं बरं. फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "पर मी नीट तोडलं हुतं ना?"

"हो."

"म्हनलंच," किसन म्हणाला. "म्हनलंच मी. चाकू चांगला हुता त्यो."

माझा जुना टेप सुजाताने बाजारात नेऊन चालू करून आणला, त्याचा आतला पट्टा सैल झाला होता. तिला वाटलं, बघू तरी काय आहे. लावली. तोच किंचाळता आवाज, गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा. ती बंद करायला लागली. मी तिचा हात धरला. का धरला ते मला माहीत नाही, ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. आवाज चालला चालला आणि एकदम तुटला. खट्ट झालं. आणि माझी आई बोलायला लागली.

मधूनच, वाक्याच्या मध्यापासून. यांचा प्रोग्राम लहान होता, कॅसेट मोठी होती. त्यांनी सुरुवातीचा तुकडाच घेतला होता, पुढचं सगळं तसंच होतं. तेल, कोंबड्या, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं. सुजाता तोंडाला पदर लावून रडत होती, तिला आजीचा आवाज आठवतच नव्हता. मला रडू आलं नाही. मी हिशोब करत बसले. मुलं यायची, हे कॅसेट लावायचे, पेटी ऐकून घ्यायची, पडद्यावर नावं धावायची, आणि हे बटण दाबून टेप बंद करायचे. जिथं यांचं संपत होतं, तिथंच पुढच्या क्षणाला आई होती. इतकी वर्षं यांचं बोट तिच्या तोंडावर होतं. एकदा तरी उशिरा दाबलं गेलं असेल ना? एकदा तरी ऐकू आली असेल? मग टाकून दिली असं का सांगितलं? माझ्या हातात दिली असती तर सुरुवातीच्या हाका गेल्या तरी बाकीची आई मला तेव्हाच मिळाली असती. पण माझ्या हातात दिली असती तर मला पट्टी दिसली असती. एवढ्यासाठी... त्या एका नखाएवढ्या पट्टीसाठी.

आणि गेलं काय, तर माझं नाव. शांते, आगं शांते, ए शांते. तेवढ्या जागेवर यांनी गावातल्या सगळ्या पोरांची नावं उमटवली. त्या पोरांवर माझा राग नाही. हॉलमध्ये रडला तो मुलगा खोटं रडला नाही. यांनी त्याला कुणीतरी केलं हे खरंच आहे. ते कशावर केलं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

विद्यार्थी खोका न्यायला आले तेव्हा मी पेटी दिली, डबी दिली, वायरी दिल्या. एक जण म्हणाला, "काकू, नेम्सची कॅसेट मिळाली असती तर फार भारी झालं असतं. आमचं सगळ्यांचं बालपण आहे त्यात. सरांनी जपून ठेवली असेल ना?"

मी म्हटलं, "ती खराब झाली. टाकून दिली."

त्याला वाईट वाटलं. मी त्यांना चहा दिला, ट्रे टेबलावर ठेवला, काही हललं नाही.

खलबत्त्याखाली अजून गोणपाट आहे. सुजाताने आईचा भाग माझ्या मोबाईलवर घेऊन दिलाय, किंचाळी वगळून. म्हणाली, "आई, आता तेवढं ऐकायला नको." पण दुपारी कामं आटोपली की मी टेपच लावते, पहिल्यापासून. त्या आवाजाखाली जे गेलं ते मला पाठ होतं, ते मी मनात म्हणत जाते. शांते, आगं शांते... नंतर मंजी कवा... शेळी व्याली, येक पांढरं येक कबरं... माझं लवकर संपतं. काहीतरी मी विसरले असणार. मग तो आवाज चालू असतो आणि मी भिंतीला टेकून नुसती बसून राहते. यांचं संपेपर्यंत थांबायची मला सवय आहे. मग खट्ट होतं, आणि आई मधूनच म्हणते, "...तर म्हनलं आसू दे. किसन, फिरतंय का रं आजून ते? मंग बंद करू नगं. फिरू दे."